गॅस गिझर, सीओ अलार्म आणि घरविम्याची सूट

धरमपेठकर: मनीषनगरात फ्लॅट, बाथरूममध्ये गॅस गिझर. कार्बन मोनॉक्साइड (सीओ, गॅस नीट न जळल्यास तयार होणारा विषारी वायू) ओळखणारा अलार्म लावला तर घरविम्याचा प्रीमियम कमी होतो का?

संत्री_४४: भाऊ, ती सूट मुख्यतः अमेरिकेतली. आपल्याकडच्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविमा पॉलिसीत (१ एप्रिल २०२१ पासून) आग, स्फोट, भूकंप, पूर येतात. अलार्मसाठी ठरलेली सूट नाही. शिवाय सीओने भिंतीचं काही बिघडत नाही, माणूस जातो. त्यासाठी वेगळ्या वैयक्तिक अपघात विम्याबद्दल विचारा. अलार्म मात्र लावाच.

पाना_पक्कड: घेताना इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आणि ईएन ५०२९१ (सीओ अलार्मचं युरोपीय मानक) बघा. ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग सीओ) असा अलार्म ३ मिनिटांत वाजतो, ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांनी. एलपीजी डिटेक्टर सीओ ओळखत नाही, दुकानदार काहीही सांगो! एलपीजी जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीलगत. सीओचं वजन जवळपास हवेइतकंच, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लागत नाही. अलार्म बाथरूमच्या आत नको, वाफेने सेन्सर बिघडतो. दाराबाहेर लावा.

संत्री_४४: खरा उपाय म्हणजे गिझर बाहेर, बाल्कनीत. डिसेंबरच्या थंडीत खिडकी बंद करून आंघोळ, तिथेच घात. नुसता एक्झॉस्ट फॅनही पुरत नाही. दाराखालून ताजी हवा येत नसेल तर फॅन धूर उलटा आत ओढू शकतो.

धरमपेठकर: प्लंबरला उद्याच बोलावतो.