ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकते : आधी रेग्युलेटर, की आधी सर्किट?

उदगीरकर
रात्री लाइट गेली की माझा घरी बांधलेला ७ मेगाहर्ट्झचा रेडिओ बॅटरीवर चालतो. ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट) कोलपिट्स प्रकारचा, ट्रान्झिस्टर बीसी ५४७. बॅटरी १२.८ वरून ११.६ व्होल्टवर उतरली तेवढ्यात फ्रिक्वेन्सी ९०० हर्ट्झ खाली गेली. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "७८एल०८ टाक अन् मोकळा हो." म्हणजे व्होल्टेज ८ वर धरून ठेवणारा रेग्युलेटर. मला हे पटत नाही. त्यानं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

मूळ कारण ट्रान्झिस्टरच्या आत आहे. कलेक्टर-बेस जंक्शन म्हणजे एक छोटा कपॅसिटरच. त्याच्यावरचं उलट व्होल्टेज कमी झालं की त्याची कपॅसिटी वाढते आणि फ्रिक्वेन्सी उतरते. एकूण कपॅसिटी १०० पिकोफॅरड असेल आणि त्यात नुसता ०.१ पिकोफॅरडचा फरक पडला, तर ७ मेगाहर्ट्झला साडेतीन किलोहर्ट्झ गेले! म्हणून मी एकापाठोपाठ जोडलेले २०० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर (मिळून १००) काढून १००० चे दोन बसवले, कॉइल ५ वरून १ मायक्रोहेन्रीवर आणली. जंक्शनचा हिस्सा पाचपट घटला. तेवढ्याच उतारात आता १८० हर्ट्झ सरकते. रेग्युलेटर लावा, पण त्यानंतर.

नांदेडहून, रेडिओ हौशी
भाऊ, मेहनत खरी आहे, पण १८० हर्ट्झ म्हणजे काम झालं नाही. एसएसबीवर (हौशी रेडिओवर बोलायची एक पद्धत) ५० हर्ट्झ सरकलं तरी कानाला कळतं, १८० ला तर माणसाचा आवाज ओळखू येत नाही. ७८एल०८ ला इनपुट १० व्होल्टच्या वर लागतं, तुमची बॅटरी ११.६ च्या खाली जात नाही. म्हणजे जागा आहे. माझ्या सेटमध्ये तो बसवल्यावर बोलायला बटण दाबलं तरी फ्रिक्वेन्सी काउंटरचा आकडा हलत नाही. व्होल्टेजच हललं नाही, तर जंक्शन हलेल कशानं? आठ-दहा रुपयांच्या वस्तूला शेवटी का ठेवायचं?

कळंब, मोटार-स्टार्टर दुरुस्ती
माझं काम रेडिओचं नाही, शेतातल्या मोटारीच्या ऑटोचं, म्हणजे आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरचं आहे. डीपीवर लोड आला की आमच्याकडं २३० चे १७० होतात. तरी ५५५ या टायमर चिपवर बांधलेला टायमर वेळ पाळतो, कारण त्याचा कपॅसिटर सप्लायच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश एवढ्यातच भरतो-उतरतो. सप्लाय उतरला तर दोन्ही खुणा त्याच प्रमाणात उतरतात, वेळ तीच राहते. १९७१ साली हान्स कॅमेन्झिंड यांनी हे डिझाइन केलं, ते अजून आमच्या विहिरीवर चालायलंय. उलट ४०१०६ या लॉजिक चिपच्या गेटवर बांधलेला टायमर व्होल्टेजबरोबर नाचायलंय, कारण त्याच्या खुणा त्या प्रमाणात सरकत नाहीत. उदगीरकरांचं बरोबर आहे. बांधणीच अशी असावी की व्होल्टेजचा परिणाम आपोआप कटून जावा.

नांदेडहून, रेडिओ हौशी
दादा, ते हळूहळू उतरणाऱ्या सप्लायला लागू आहे. तुमच्या बोर्डावर रिले त्याच सप्लायवर असेल, तर तो ओढला की व्होल्टेज एकदम बसतं. कपॅसिटर जुन्या व्होल्टेजनं भरलेला आणि खुणा नव्या! त्या फेरीपुरता हिशोब चुकतोच. ५५५ च्या पाचव्या पिनला ०.०१ मायक्रोफॅरड लावला की बारीक खरखर थांबते, पण रिलेचा धक्का थांबत नाही.

आयटीआय प्रशिक्षिका, परभणी
दोघांच्या वादात एक गोष्ट राहिली. मे महिन्यात पत्र्याखाली सेट तापतो आणि ते सरकणं आपण व्होल्टेजच्या नावावर टाकतो. मी मुलांना आधी सेट अर्धा तास तापू द्यायला लावते, मग बेंच सप्लायवर (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करता येणारा सप्लाय) दोन मिनिटांत १२.८ चे ११.६ करून लगेच परत वर न्यायला सांगते. आकडा परत जाग्यावर आला तर दोष व्होल्टेजचा, नाही आला तर उष्णतेचा. रेग्युलेटरऐवजी झेनर (ठरावीक व्होल्टेज धरणारा डायोड) वापरणाऱ्यांनी ५.६ व्होल्टच्या आसपासचा घ्यावा. त्याच्या बराच खालचा आणि बराच वरचा, दोन्ही तापमानाबरोबर उलटसुलट दिशेला सरकतात. आणि रेग्युलेटर कॉइलला चिकटून बसवू नका, त्याचीच ऊब कॉइलला लागते. मी तरी या वादात नांदेडच्या हौशींच्या बाजूची आहे. हाताशी असलेला उपाय आधी करावा.

उदगीरकर
मॅडम, ही चाचणी मी केली नव्हती, ९०० मध्ये उष्णतेचाही वाटा असू शकतो. उद्या करून दोन्ही आकडे इथं टाकतो. ७८एल०८ ही बसवणार आहे, कॉइलपासून चार बोटं लांब. पण १००० चे कपॅसिटर काढणार नाही. रेग्युलेटर बसवल्यावर ते २०० वर आणून बघा असं कुणी म्हणालं, तरी नाही.