लिनक्सवर इफकॉन्फिग शिकवणं आता थांबवायचं का?

पॅकेट पाटील (धागाकर्ता)

स्पष्टच लिहितो. लिनक्स शिकवताना नेटवर्कचा पहिला धडा इफकॉन्फिगने, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता बघायच्या-बदलायच्या जुन्या कमांडने, सुरू करणं आता बंद करावं; तिच्या जागी आयपी ही कमांड शिकवावी. ते म्हातारं झालंय ही माझी तक्रार नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये ते आलं आणि बीएसडीच्या घरी अजून सुखात नांदतंय. मी बोलतोय ते लिनक्सवरच्या, नेट-टूल्स पॅकेजमधल्या इफकॉन्फिगबद्दल. ते मशीनची अर्धीच माहिती देतं आणि अर्धी दिली आहे याचा पत्ता लागू देत नाही.

ईथ० या नेटवर्क कार्डावर १०.१.२.५/२४ हा पत्ता आहे असं धरा (/२४ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, हाच मास्क). त्यावर 'आयपी ॲडर ॲड १०.१.२.५०/२४ डेव्ह ईथ०' देऊन दुसरा पत्ता चढवा आणि मग इफकॉन्फिग चालवा. दुसरा पत्ता दिसणारच नाही. पिंगला उत्तर येतंय, वेब सर्व्हर त्यावर ऐकतोय, फायरवॉलच्या लॉगमध्ये त्याच्या नोंदी पडतायत, पण इफकॉन्फिगच्या लेखी तो नाहीच. कारण हे की ते कर्नलला जुन्या आयऑक्टल पद्धतीने विचारतं आणि त्या पद्धतीत एका नावामागे एकच पत्ता. दुसरा दाखवायचा तर त्याला ईथ०:१ असं वेगळं लेबल लावावं लागतं. आयपी कमांड नेटलिंक सॉकेटवरून (कर्नलशी बोलायची नवी वाट) बोलते, तिला कर्नल सगळी यादी देतो. पॉलिसी रूटिंगचे नियम, नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगळी नेटवर्कं), व्हीआरएफ (वेगळी रूटिंग टेबलं) हे तर इफकॉन्फिगच्या गावीही नाही.

मास्कचंही तेच. 'इफकॉन्फिग ईथ० १०.१.२.५' एवढंच दिलं तर मास्क २५५.०.०.० बसतो, कारण १० ने सुरू होणारा पत्ता म्हणजे जुन्या वर्गवारीतला ए क्लास, फक्त पहिला आकडा नेटवर्कचा. १९९३ मध्ये सीआयडीआर (मास्क पत्त्यासोबत लिहायची पद्धत) आलं, क्लास इतिहासजमा झाले, पण हा डिफॉल्ट तिथेच आहे. मग दुसऱ्या ऑफिसमधलं १०.४.x.x वालं मशीनही 'इथलंच' वाटायला लागतं. पॅकेट गेटवेकडे जायच्या ऐवजी मशीन आपल्याच वायरवर एआरपीच्या ('हा पत्ता कुणाचा?') हाका मारत बसतं.

डेबियनमध्ये नेट-टूल्स मोडीत काढायची चर्चा २००९ सालची. रेड हॅटच्या ७ च्या मिनिमल इन्स्टॉलमधून ते २०१४ ला गेलं, डेबियन ९ मध्ये २०१७ ला. आणि आपण अजून तिथेच.

---

खडकीचा खडूस

असहमत. पाटील, तुमचा मास्कचा मुद्दा अर्धाच आहे. 'आयपी ॲडर ॲड १०.१.२.५ डेव्ह ईथ०' असं मास्कशिवाय देऊन बघा. /३२ बसतो, म्हणजे त्या मशीनला शेजारीच नाही. चकार शब्द न काढता. एक जण सगळं गाव आपलं मानतो, दुसरा घराबाहेर कुणालाच ओळखत नाही. यात शहाणा कोण?

दुसरं, 'इफकॉन्फिग ईथ० नवा पत्ता' दिलं की जुना जातो, नवा येतो. माणसाला बहुतेक वेळा हेच हवं असतं. 'आयपी ॲडर ॲड' जुना ठेवून नवा चढवतो. नवी पोरं दोन-चार वेळा ॲड करतात आणि मग एका कार्डावर चार पत्ते घेऊन विचारतात की बाहेर जाणारं ट्रॅफिक जुन्याच पत्त्यावरून का जातंय. मग त्यातला पहिला काढायला जातात, तर त्याच सबनेटमधले बाकीचेही त्याच्यासोबत उडतात. प्रोमोट सेकंडरीज ही सेटिंग चालू नसेल तर कर्नल असंच वागतो. हे तुमच्या पहिल्या धड्यात येणार का?

मी एआयएक्स आणि सोलारिस या युनिक्सवर आयुष्य काढलंय. इफकॉन्फिग ही एकच गोष्ट सगळीकडे थोड्याफार फरकाने चालायची.

---

पॅकेट पाटील

खडूसकाका, /३२ चा मुद्दा मान्य, तिथे इशारा यायला हवा होता. पण /३२ ची चूक त्याच मिनिटाला कळते, काहीच चालत नाही. /८ ची (म्हणजे २५५.०.०.० ची) चूक दुसऱ्या शाखेतून फोन येईपर्यंत कळत नाही.

आणि 'सगळीकडे चालायचं' म्हणता, तर सोलारिस ११ ने २०११ मध्येच आयपीएडीएम आणि डीएलएडीएम या वेगळ्या कमांड पुढे आणल्या. एआयएक्सवर इफकॉन्फिगने केलेला बदल ओडीएममध्ये (जिथे कायमची सेटिंग राहते) जात नाही, त्यासाठी सीएचडेव्ह ही कमांड लागते. एकी तेव्हाही नव्हती, नाव तेवढं सारखं होतं.

---

बीएसडीभक्त

धाग्याच्या शीर्षकात 'लिनक्सवर' लिहिल्याबद्दल आभार, नाहीतर इथे वेगळीच रणधुमाळी झाली असती :)

एफबीएसडीवर (फ्रीबीएसडी हो, टंकायचा कंटाळा) व्हीलॅन, ब्रिज, लॅग (अनेक कार्डं एकत्र जोडणं), वायफाय सगळं एका इफकॉन्फिगमध्ये होतं. तुमच्याकडे आयपी वेगळं, ब्रिज वेगळं, आयडब्ल्यू वेगळं, ईथटूल वेगळं. पण मला खरी मजा वाटते ती कायमच्या सेटिंगची. आरसी डॉट कॉन्फमध्ये 'इफकॉन्फिग_ईएम०' असं लिहून बरोबरचं चिन्ह आणि पुढे अवतरणात तेच शब्द, जे तुम्ही कमांड लाइनवर टंकता. ओपनबीएसडीवर तर होस्टनेम डॉट ईएम० या फाइलमधल्या ओळी बहुतांशी जशाच्या तशा इफकॉन्फिगला जातात. कमांड शिकलात की कॉन्फिगही शिकलात.

लिनक्सवर आयपी कमांड पाठ केली, तरी रीबूटनंतर टिकवायचं कसं? डेबियनवर इंटरफेसेस फाइल, उबुंटूवर नेटप्लॅनचं यॅमल, रेड हॅटवर एनएमसीएलआय, कुठे सिस्टमडी-नेटवर्कडी. पाटीलबुवा, तुम्ही मुलांचा पहिला धडा बदलताय, त्यांचा खरा छळ दुसऱ्या धड्यात आहे.

---

रात्रपाळी

+१ बीएसडीभक्त, वेगळ्या कारणासाठी.

रात्री दोनला उठवणारा फोन कधीच 'चुकीची कमांड वापरली' म्हणून येत नाही. इंटरफेसचा मालक कोण हे न बघता हात लावला म्हणून येतो. नेटवर्कमॅनेजर ज्या कार्डाचा कारभार बघतोय त्यावर तुम्ही आयपी कमांडने पत्ता बदललात, तर तो तात्पुरता पाहुणा. कनेक्शन पुन्हा वर आलं की नेटवर्कमॅनेजर आपल्या प्रोफाइलप्रमाणे घडी बसवतो. म्हणून मी नवीन मुलांना आधी 'एनएमसीएलआय डिव्हाइस' आणि 'नेटवर्कसीटीएल लिस्ट' चालवायला लावतो. 'अनमॅनेज्ड' कुठे लिहिलंय ते बघा, मग बोला.

दुसरी गोष्ट, कार्ड डाउन-अप करणं. लोकांना वाटतं हे दिवा बंद-चालू करण्याइतकं निरुपद्रवी आहे. 'आयपी लिंक सेट ईथ० डाउन' केलं की आयपीव्ही४ चा पत्ता राहतो पण त्या कार्डावरचे रूट (पॅकेटचे मार्ग) जातात. अप केलं की स्वतःच्या सबनेटचा रूट परत येतो, हाताने घातलेला डिफॉल्ट गेटवे येत नाही. आयपीव्ही६ चे पत्ते तर डाउन होतानाच पुसले जातात, कीप ॲडर ऑन डाउन चालू केलं नसेल तर. मग एसएसएच कुठून येणार? इफकॉन्फिगने डाउन करा नाहीतर आयपीने, कर्नल एकच आहे, तो एकसारखाच वागणार. या बाबतीत तुम्हा दोघांचं भांडण मला गैरलागू वाटतं.

लांबच्या मशीनवर बदल करायचा तर आधी सुटकेची वाट ठेवा. उबुंटूवर 'नेटप्लॅन ट्राय' आहे, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत. इतरत्र 'शटडाउन -आर +५' लावून कामाला लागा, सगळं नीट झालं तर 'शटडाउन -सी'.

---

खडकीचा खडूस

रात्रपाळी, तुमच्या शेवटच्या ओळीतच माझा मुद्दा आहे. हाताने केलेला बदल रीबूटला जातो, म्हणून तर ती युक्ती चालते. सगळे 'टिकत नाही, टिकत नाही' म्हणून रडतात, पण कमांडचा बदल तात्पुरता असणं ही सोय आहे. सोलारिस ११ चं आयपीएडीएम उलटं वागतं, दिलं की कायमचं, तात्पुरतं हवं तर -टी द्या. मला ते कधीच रुचलं नाही. आधी करून बघावं, चाललं तर फाइलमध्ये लिहावं.

---

लॅब असिस्टंट

मी एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये आहे. जर्नलमध्ये प्रयोग छापलेला आहे, 'इफकॉन्फिग, पिंग, नेटस्टॅट यांचा अभ्यास'. मशीनवर नवीन उबुंटू. मुलं कमांड देतात, उत्तर येतं की सापडली नाही, अॅप्टने नेट-टूल्स टाका. आणि प्रयोगाचं कारणच असं की मशीनला नेट नाही! इंटरनेट दुरुस्त करायचं हत्यार इंटरनेटवरून आणा. दरवर्षी मी पेन ड्राइव्हवर पॅकेज घेऊन फिरतो.

डेबियनवर आणखी एक गंमत. टाकलेलं असलं तरी साध्या युजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) एसबिन नसतं, त्यामुळे पुन्हा 'सापडली नाही'. आयपी मात्र बिनमध्ये असते, सगळ्यांना मिळते.

पाटील सरांचं मत पटतं, पण तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक इफकॉन्फिगचंच आउटपुट विचारतात. मी मुलांना काय सांगू?

---

मैत्रेयी

@लॅब असिस्टंट, दोन्ही सांगा, पण स्क्रिप्टमध्ये इफकॉन्फिगचं आउटपुट ग्रेप करायचं (शब्द शोधून काढायचं) नाही हे आधी सांगा. जुन्या आवृत्तीत 'इनेट ॲडर' आणि त्याला चिकटून पत्ता यायचा, नवीनमध्ये नुसतं 'इनेट' आणि जागा सोडून पत्ता. तेवढ्या बदलाने किती कट आणि ऑकच्या ओळी मेल्या असतील! आयपी कमांडला -जे दिलं की प्रोग्रामला वाचता येणारं जेसन मिळतं, ते जेक्यू या टूलने वाचा. माणसाने बघायला 'आयपी -बीआर ए', एका इंटरफेसला एक ओळ.

आणि खडूसकाकांसाठी, 'आयपी रूट गेट ८.८.८.८' एकदा चालवून बघा. हे पॅकेट कोणत्या कार्डावरून, कोणत्या गेटवेकडे, कोणता सोर्स पत्ता घेऊन जाईल ते कर्नल स्वतः सांगतो. चार पत्ते चढवलेल्या पोरांना याच एका ओळीत उत्तर मिळालं असतं. कंटेनरवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना तर 'आयपी नेटएनएस' (नेमस्पेसची कमांड) शिवाय पान हलत नाही.

---

खडकीचा खडूस

रूट गेट वापरतो हो, एवढाही दगड नाही. ते उत्तम आहे. माझा राग हत्यारावर नाही, हत्यार बदलण्याच्या पद्धतीवर आहे. सगळ्या जगाच्या हातात बसलेली एक कमांड होती. तिचं नाव तेच ठेवून आतलं यंत्र बदलता आलं नसतं?

---

बीएसडीभक्त

आलं असतं, आणि आलंय. फ्रीबीएसडीमध्ये नेटलिंक आलं, १४ पासून तिथलं इफकॉन्फिग आतून तेच वापरतं. बाहेरून वापरणाऱ्याला काही कळलंसुद्धा नाही.

---

पॅकेट पाटील

हा मुद्दा मात्र वर्मी लागला. पण फ्रीबीएसडीत कर्नल आणि इफकॉन्फिग एकाच झाडावर वाढतात, एकाच हाताने छाटले जातात. लिनक्समध्ये नेट-टूल्सची १.६० आवृत्ती २००१ ची, त्यानंतर कित्येक वर्षं त्या घरात सामसूम. इकडे आयप्रूट२, म्हणजे आयपी कमांडचं पॅकेज, कर्नलच्या नेटवर्किंगमधल्याच लोकांच्या हातात होतं, ॲलेक्सी कुझ्नेत्सोव्ह आणि पुढे स्टीफन हेमिंगर. नवीन सोय कर्नलमध्ये आली की ती तिथे दिसायची. इफकॉन्फिगला कुणी मारलं नाही, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

@लॅब असिस्टंट, तोंडी परीक्षेपुरतं एक करता येईल. इफकॉन्फिगचं आउटपुट वाचायला शिकवा, बदल करायला आयपी. वाचण्यात धोका नाही... म्हणजे माझा वरचा दुसऱ्या पत्त्याचा मुद्दा सोडून.

---

लॅब असिस्टंट

तोच मुद्दा प्रयोगात घालतो मग. दुसरा पत्ता चढवा, दोन्ही कमांडचं आउटपुट शेजारी शेजारी लिहा, फरक का आला ते सांगा. परीक्षकांनी विचारलं तर मुलं त्यांनाच दाखवतील. पेन ड्राइव्ह तेवढा यंदाही लागणार.

---

रात्रपाळी

लॅबमध्ये डाउन-अपचाही प्रयोग घाला हो. आधी आणि नंतर 'आयपी रूट'. मुलं माझ्याकडे कामाला येतील तेव्हा उपयोगी पडेल.