मदत हवी आहे: बी-१२ सुरू केल्यावर चेहऱ्याला, छातीला फोड आले; व्हिटॅमिन बंद करावं की खाणं बदलावं?

दिग्रसची_मावशी: भाचीसाठी विचारते आहे. वय १७, बारावीला आहे, घर पूर्ण शाकाहारी. सारखा थकवा म्हणून रक्त तपासलं तर बी-१२ फक्त १४० निघालं. एक दिवसाआड इंजेक्शन सुरू झालं, शिवाय रोज मेथिलकोबालामिन (म्हणजे बी-१२च) १५०० मायक्रोग्रॅमची गोळी, त्यातच बायोटिन हे व्हिटॅमिनही आहे. आधी अधूनमधून एखाददुसरा पिंपल यायचा. तिसऱ्या आठवड्यात कपाळ, गाल आणि छातीवर बारीक लाल फोड एकदमच आले. खाज नाही, पाळी नियमित. घरचे म्हणतात उष्णता झाली, म्हणून लसूण, तिखट, आंबा, दूध सगळं बंद केलंय. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूबही लावते. काय करावं?

वणी_फार्मसी: ताई, आधी फोड नीट पाहा. साध्या मुरुमांत काळी-पांढरी तोंडं, कच्चे-पिकलेले दाणे असं सगळं मिसळलेलं दिसतं. बी-१२ मुळे येणारे फोड बहुतेक एकाच मापाचे, एकाच वेळी उठलेले असतात आणि त्यांत काळी तोंडं फारशी नसतात. बी-१२ जास्त झालं की त्वचेवरचे मुरुमांचे जिवाणू पॉर्फिरिन नावाची द्रव्यं जास्त बनवतात आणि त्यातून दाह वाढतो, असं अभ्यासात दिसलं आहे. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच. गोळीतलं फार थोडं अंगी लागतं, इंजेक्शनचं मात्र सरळ आत जातं.

पण औषध परस्पर बंद करू नका. १४० म्हणजे खरी कमतरता आहे, ती तशीच राहिली तर नसांवर परिणाम होतो. हातापायाला मुंग्या येतात का, हे आजच विचारा. ज्यांनी इंजेक्शन लिहिलं त्यांना फोड दाखवा, इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येईल का विचारा. डोस उतरला की असे फोड सहसा काही आठवड्यांत बसतात. आणि ट्यूबवर काय लिहिलंय?

दिग्रसची_मावशी: क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल. दहा दिवस झाले. मुंग्या नाहीत.

वणी_फार्मसी: मग ती आजच थांबवा. क्लोबेटासॉल हे फार तीव्र स्टेरॉइड, चेहऱ्यासाठी नाहीच. सुरुवातीला लाली दबते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि पुढे त्यानंच मुरूम येतात, कातडी पातळ होते. दहाच दिवस झालेत म्हणून लगेच सोडता येईल. महिनोन्‌महिने लावणाऱ्यांचा चेहरा ती सोडल्यावर भडकतो, त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच सोडावी. आता तुमच्याकडे बी-१२ आणि स्टेरॉइड अशी दोन कारणं झाली, त्यामुळे जिल्ह्याच्या दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीला जाताना ट्यूब आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही सोबत न्या.

जवसाची_चटणी: खाण्याचं मी सांगते. दूध बंद केलंत ते आधी सुरू करा. काही अभ्यासांत दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी संबंध दिसतो हे खरं. पण शाकाहारी घरात बी-१२ दूध, दही, ताकातूनच येतं. मोठ्या कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम. तेच तोडलं तर जी कमतरता भरायची तीच वाढेल. मिल्कशेक आणि प्रोटीन पावडर मात्र नको.

लसूण-तिखटानं मुरूम येतात याला आधार नाही, घालू द्या. जास्त पुरावा आहे तो रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणाऱ्या खाण्याविरुद्ध. त्यानं इन्सुलिन वाढतं आणि त्वचेच्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. म्हणजे दिवसातून तीनदा चहा-टोस्ट, मैद्याची खारी, ताटभर पांढरा भात नि पातळ वरण. त्याऐवजी एका जेवणाला ज्वारीची भाकर, घट्ट तुरीचं वरण किंवा बरबटीची उसळ आणि तरोटा, अंबाडी, जी भाजी मिळेल ती. भात दुसऱ्या जेवणाला, निम्मा. गूळही साखरच समजा. आंबा जेवणानंतर एखादा चालेल, वाट्यांवर वाट्या आमरस नको. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात.

दिग्रसची_मावशी: शेजारची बाई व्हिटॅमिन ए आणि झिंकच्या गोळ्या आणून देते म्हणते. देऊ का?

वणी_फार्मसी: ए च्या गोळ्या मुळीच नको. मुरुमांवर चालेल इतका डोस यकृताला घातक असतो आणि गरोदरपणात बाळाला. शेवग्याचा पाला, गाजर खाऊ द्या. झिंकचा थोडाफार उपयोग होतो, पण डॉक्टरांनी लिहिलं तरच. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं म्हणून जेवणावर घ्यायचं, शाळेतली लोहाची निळी गोळी असेल त्या वेळी नाही, कारण दोन्ही एकमेकांचं शोषण अडवतात. जास्त दिवस घेतलं तर तांबं कमी पडतं. बायोटिननं मुरूम जातात याला पुरावा नाही, उलट थायरॉइडची तपासणी चुकू शकते. तपासणी असेल तर लॅबला आधी सांगा.

वरून लावायला डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के दिलं, तर रात्री धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढंच, सगळीकडे पातळ लावायचं. नुसत्या फोडावर थापलं की सालपटं निघतात. उशीची खोळ जुनी पांढरी ठेवा, रंगीत कापडाचा रंग उडतो. उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा सुती हवा, रोज धुतलेला.