अल्बम फोडून एकेक फोटो विकणाऱ्याकडून घ्यावं का?

विनय_होबोकन (धागाकर्ता)

गेली नऊ वर्षं मी अमेरिकेतल्या बेसबॉलचे १९०० सालाआधीचे फोटो जमवतोय. घरापासून चालत गेलं की होबोकनच्या अकराव्या रस्त्यावर एलिशियन फील्ड्सची खूण लागते. १९ जून १८४६ ला निकरबॉकर हा बेसबॉल क्लब तिथे स्वतःच लिहून काढलेल्या नियमांनी खेळला आणि न्यू यॉर्क नाइनकडून २३-१ असा सपाटून हरला. नाइन म्हणजे नऊ जणांचा संघ. पुढे १८६० च्या सुमारास सीडीव्ही आले आणि गावोगावचे संघ स्टुडिओत जाऊन उभे राहू लागले. सीडीव्ही (कार्ट द व्हिजित) म्हणजे साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ फोटो. त्याचा कागद अंड्याचा पांढरा बलक लावून तयार केलेला असे. घरोघरी अल्बम असायचे, त्याच्या पानांना खिसे. कार्ड खिशात सरकवायचं आणि खाली पेन्सिलीने नाव लिहायचं.

मार्चमध्ये ऑनलाइन लिलावात असं एक कार्ड घेतलं. नऊ पोरं, छातीवर बटणांनी लावलेल्या कापडी ढालीचे सदरे, रुंद पट्टे. मधल्याच्या हातात बॅट. हातमोजा एकाकडेही नाही, त्या काळी नसायचाच. पाठीवर २ सेंटचं नारिंगी सरकारी तिकीट आणि ते रद्द करायला फोटोग्राफरने त्यावर शाईने आडवी मारलेली आपली आद्याक्षरं. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ फोटोंवर कर होता, म्हणजे कार्ड त्या दोन वर्षांतलं.

पार्सल उघडलं तर कार्डाच्या खालच्या कडेला कागदाची एक चिंधी चिकटलेली. अल्बमच्या पानाची. खिशातून कार्ड ओढून काढताना फाटलेली. तिच्यावर पेन्सिलीतल्या ओळीचा फक्त शेवट उरलाय: '...व्हिल नाइन'.

गावाचं नाव त्या पानावर होतं! विक्रेत्याला लगेच लिहिलं. उत्तर आलं की अल्बमचे ३८ लॉट (लिलावात वेगवेगळे विकायचे नग) केले, ३८ जणांकडे गेले, आणि रिकामा अल्बम कोण घेतो म्हणून तो टाकून दिला. दीडशे वर्षं ते नाव त्या पोरांच्या पायाशी होतं आणि या वसंतात ते कचऱ्यात गेलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. लॉटच्या वर्णनात 'अल्बममधून काढलेला' असं दिसलं आणि बाकीचे फोटो सुटे लावलेले असले, तर आपण बोली लावू नये. अख्खा अल्बम विका असं विक्रेत्याला लिहावं. मी स्वतः आजपासून तसंच करणार आहे. तुमचं मत सांगा.

निशाचर

असहमत, आणि पूर्ण असहमत.

मी पुण्यातून जमवतो. तिकडे रात्री दहाला लिलाव बंद होतो तेव्हा उन्हाळ्यात माझ्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. डबा भरता भरता बोली लावतो. माझ्या आवाक्यात एक कार्ड येतं, ३८ फोटोंचा अल्बम येत नाही. अख्खा अल्बम विका म्हणणं म्हणजे माझ्यासारख्याला दारातूनच परत पाठवणं. तो अल्बम एखादा मोठा व्यापारी घेईल आणि पुढच्या महिन्यात तोच फोडून विकेल. तेव्हा काय कराल?

दुसरं. पैसा मिळतो म्हणूनच या वस्तू वर येतात. २०१३ मध्ये मेन राज्यातल्या एका लहान लिलावात ब्रुकलिन अटलांटिक्सचं १८६५ चं सीडीव्ही ९२,००० डॉलरला गेलं. सापडलं कुठे? कॅनडाच्या हद्दीजवळच्या बेलीव्हिल गावात, अंगणात मांडलेल्या जुन्या सामानातल्या एका अल्बममध्ये. ती बातमी वाचून किती जणांनी माळे धुंडाळले असतील! किंमत नसती तर तो अल्बम चुलीत गेला असता.

विनय_होबोकन

निशाचर, तुमचंच उदाहरण घेतो. अटलांटिक्स हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला संघ. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या ग्रंथालयात त्यांचं तसंच एक कार्ड आहे, ताडून बघता येतं. माझ्या नऊ पोरांची दुसरी प्रत कुठे आहे? नामांकित संघाला अल्बमच्या पानाची गरज नसते. ती गरज गावच्या संघाला असते, आणि जवळजवळ सगळे संघ गावचेच होते.

सुप्रिया_अभिलेख

मी इथे अमेरिकेत एका अभिलेखागारात काम करते. दोघांनाही पटणार नाही, तरी बोलते. हे फोटो घरातल्या कपाटात असूच नयेत. काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९४८ मध्ये बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तछायाचित्र संस्थेचा संग्रह घेतला, त्यात सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे किती तरी खेळाडू त्यात आहेत. आज कोणीही, निशाचर यांच्यासारखा पुण्यात बसलेला माणूसही, त्यातला फोटो मोठ्या आकारात फुकट उतरवून घेऊ शकतो. बुटाच्या लेसची गाठ दिसते त्यात. तुमच्या कार्डाची गाठ कोणाला दिसते?

शिवाय आमच्याकडे अल्बम आला की पहिलं काम असतं प्रत्येक पानाचा फोटो जसंच्या तसं घेणं. रिकाम्या खिशाचासुद्धा. कारण रिकाम्या खिशाखालीही नाव असतं.

तांबडी_माती

सुप्रियाताई, रिकाम्या खिशाचं वाचून बरं वाटलं, पण ग्रंथालयात वस्तू सुखरूप राहते हे मी मानत नाही. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला अल्बर्ट स्पॉल्डिंग या जुन्या खेळाडूच्या पत्नीने त्याचा अख्खा बेसबॉल संग्रह १९२१ मध्ये दिला. पुढे त्यातलं बरंच चोरीला गेलं. २००९ मध्ये ऑल-स्टार सामन्याच्या वेळच्या लिलावात हॅरी राइटला आलेली पत्रं विकायला निघाली तेव्हा ती त्या ग्रंथालयातलीच असल्याचा संशय आला आणि एफबीआयने चौकशी केली. हॅरी राइट म्हणजे १८६९ च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचा, पहिल्या उघड उघड पगारी संघाचा कर्णधार. त्याचे कागदही टिकले नाहीत. बॉस्टनमध्ये मॅकग्रीव्ही नावाच्या गुत्तेवाल्याने भिंतीवरचे बेसबॉलचे फोटो तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिले, त्यांचीही तीच गत.

माझ्यापुरता नियम असा: फोटो उलटा करून मागची बाजू दाखवल्याशिवाय बोली नाही. ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला आहे का, क्रमांक पुसलेला आहे का, कागद तिथेच पातळ झालाय का. मागची बाजू दाखवायला विक्रेता कां कूं करू लागला की मी तिथून उठतो.

सुप्रिया_अभिलेख

चोऱ्या झाल्या, नाकारत नाही. आमच्या क्षेत्राला ती लाज आहे. पण चोराकडून घेणारे कोण होते? 'कुठून आलं' हे न विचारणारे संग्राहकच ना? अल्बम फोडला की हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. सुट्या कार्डाला कूळ नसतं.

या एका मुद्द्यावर मी विनय यांच्या बाजूने आहे.

ओंकार_दी

मी नवीन आहे. लॉटमध्ये 'टाइप १' लिहिलेलं असतं ते काय? त्यावरून फोटो खरा हे कळतं ना? मग अल्बम कशाला हवा?

निशाचर

ओंकार, ती प्रतवारी मुख्यतः कागदी प्रिंटसाठी आहे. टाइप १ म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट. टाइप २ म्हणजे निगेटिव्ह मूळच, पण प्रिंट नंतरची. टाइप ३ आणि ४ दुसऱ्या पिढीचे, म्हणजे नकलेच्या निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून. तीन त्याच काळातली, चार नंतरची. चार्ल्स कॉनलन या छायाचित्रकाराने टिपलेली टाय कॉब या खेळाडूची तिसऱ्या बेसवरची घसरण वर्तमानपत्रांनी अनेकदा छापली, त्यामुळे प्रिंट कधीची यावर किंमत शंभरपट बदलते.

घरच्या घरी एक करून बघ. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धर. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० नंतर आलं. १८६५ चं कार्ड असं चमकलं तर पैसे परत माग. टिनटाइप असेल तर सदऱ्यावरची अक्षरं बघ. ते लोखंडी पत्र्यावर थेट उमटलेलं चित्र असतं, त्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी उलटी हवीत. सुलटी दिसली की तिथेच थांबून विचार कर.

आणि बोलीचं: आपला आकडा आधी कागदावर लिही, त्यात लिलावघराचं वीस टक्क्यांच्या आसपासचं कमिशन धर. २०१३ मध्ये मास्ट्रो ऑक्शन्सच्या बिल मास्ट्रोने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याच्या लिलावांत खोट्या बोल्या लावून भाव चढवले जात होते. समोरची बोली खरीच असेल असं धरून चालू नकोस.

विनय_होबोकन

ओंकार, निशाचर यांनी सांगितलेलं सगळं मनात ठेव, त्यांचा हात या विषयात चांगला बसलाय. पण माझ्या कार्डाला उद्या पारदर्शक डबीत बंद करून वर 'अस्सल' असं लेबल लावून दिलं, तरी त्यावर 'अनोळखी संघ' हेच लिहिलेलं असेल. कागद खरा हे डबी सांगते. पोरं कोण, हे पान सांगत होतं.

कॉनलनचंच पुढे सांगतो. त्याच्या सुमारे साडेसात हजार निगेटिव्ह २०१६ मध्ये एकाच लॉटमध्ये विकल्या गेल्या, १८ लाख डॉलरच्या आसपास. एकत्र ठेवलं की भाव पडतो ही समजूत खरी नाही.

गावठाण

उशिरा येतेय, पण एक बाजू कोणीच मांडलेली नाही.

मी कृष्णवर्णीय संघांचे फोटो शोधते. घेण्यापेक्षा नोंदी करते. ओबरलिन कॉलेजच्या १८८१ च्या संघाचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्यात मोझेस फ्लीटवुड वॉकर आणि त्याचा भाऊ आहे, गोऱ्या मुलांबरोबर. १८८४ मध्ये वॉकर टोलेडो संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पगारी स्पर्धेत खेळला. लवकरच कृष्णवर्णीयांसाठी ते दार बंद झालं आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत बंदच राहिलं. मधल्या काळात क्युबन जायंट्ससारखे पगारी संघ होते, १८८५ पासून. आणि त्यांच्या खाली शेकडो संघ, गिरणीचे, चर्चचे, हॉटेलच्या वेटरांचे.

या माणसांच्या धावा वर्तमानपत्रांनी नीट छापल्या नाहीत. ग्रंथालयांनी त्यांचे फोटो मागितले नाहीत, सुप्रियाताई, हे तुम्हीही मान्य कराल. ते टिकले घरच्या अल्बमांत, आजीच्या ट्रंकेत. पानाखाली लिहिलेलं असतं 'थोरला मामा, डावीकडून तिसरा'. मेजर लीगने निग्रो लीग्जना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग्जना, मेजर लीगचा दर्जा २०२० च्या डिसेंबरात दिला. त्यानंतर आकडेवारी जुळवायला माणसं जुन्या कागदांमागे लागली. पण १९२० आधीच्या खेळाडूंना तर टिकलेली लीगसुद्धा नव्हती. त्यांच्यासाठी 'डावीकडून तिसरा' हीच नोंद. गेल्या वर्षी मी एका लॉटमध्ये असा फोटो पाहिला, मागे अल्बमचा काळा कागद फाटून चिकटलेला, अक्षरांचे पांढरे तुकडे दिसत होते. वाचता येईना. शेजारचा लॉट त्याच पानाचा असणार, तो आधीच विकला गेला होता.

निशाचर, किंमतीमुळे वस्तू वर येते हे मला मान्य आहे. पण मामाचं नाव गेल्यावर वर आलं ते काय?

निशाचर

गावठाण, याला माझ्याकडे तयार उत्तर नाही.

तरी बहिष्काराला माझा विरोध कायम. आपण दहा जण थांबलो तर विक्रेत्याला कळणारही नाही, तो अकराव्याला विकेल. त्यापेक्षा बोली लावण्याआधी विक्रेत्याला लिहावं: पानाचा फोटो काढून दे, त्याचे वीस डॉलर वेगळे देतो. मी दोनदा असं केलंय. एकदा उत्तर आलं नाही. एकदा त्याने अख्खं पानच पाकिटात घालून पाठवलं. पैसेही घेतले नाहीत.

तांबडी_माती

हे पटलं. बहिष्कार नको, पान मागा.

विनय_होबोकन

मला बहिष्कारच योग्य वाटतो. पान मागितल्याने ज्याला उत्तर द्यायचंय तोच देतो. पण पान मागण्याची सूचना मी माझ्या यादीत घातली, ती चांगली आहे.

निशाचर

विनय, वाद बाजूला ठेवून एक. तुमच्या लॉटचं वर्णन मला ओळखीचं वाटलं म्हणून शोधलं. विकले गेलेले लॉट तीन महिने दिसत राहतात. तुमच्या ३८ पैकी अकरा अजून दिसतायत, सगळ्यांची चित्रं उतरवून घेतली, पाठवतो. त्यातल्या एका बाईच्या फोटोमागे तुमच्यासारखंच नारिंगी तिकीट आहे, तीच आद्याक्षरं, आणि त्याखाली फोटोग्राफरचा छापील शिक्का. अर्धा पुसट. गावाचं नाव जात नाही, पण राज्य वाचता येतं: पेनसिल्व्हेनिया.

गावठाण

पेनसिल्व्हेनिया आणि 'व्हिल'! पॉट्सव्हिल, टायटसव्हिल, मीडव्हिल, डॅनव्हिल, फिनिक्सव्हिल. आणखीही असतील, पण सुरुवात इथून करता येईल. चिंधीवर 'व्हिल'च्या आधीच्या अक्षराचा काही भाग आहे का? भिंगाखाली धरा, आणि प्रकाश बाजूने येऊ द्या. पेन्सिलीचं शिसं पुसलं तरी कागदात खोबण राहते.

विनय_होबोकन

आत्ता केलं. टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. 'व्ही'च्या आधी एक उभी रेघ आहे, वरपर्यंत गेलेली, आणि तिच्या पायाशी डावीकडे गोलाई. 'एस' नाही, 'एन' नाही, 'एक्स'ही नाही. 'डी' वाटतोय.

उद्या सकाळी मीडव्हिलच्या काउंटीच्या इतिहास मंडळाला फोन करतो. निशाचर, ती अकराही चित्रं पाठवा.