गुत्ता : दुकान की हक्क?

प्रश्न : आमच्या खापरपणजोबांच्या नावाचे दोन कागद हाती आलेत. एक सर्व्हेच्या वेळचा उतारा : नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे सारा) आणि खातेदार म्हणून त्यांचं नाव. दुसरा मोडीतला, फसली (जुन्या महसुली) सन १२७७चा. त्यात गावचा ‘दारूचा गुत्ता’ त्यांना दिल्याचं लिहिलंय. खाली चार हप्ते आणि दोन जामीनदार. काका भडकले, “आपले पूर्वज गल्ल्यावर बसून दारू विकत होते?” सोबतच्या इंग्रजी टिपणात ‘लिकर फार्मर’ असं आहे. भाचीनं त्याचं ‘शेतकरी’ केलं, तेव्हा कुठे काका शांत झाले. गुत्ता म्हणजे नक्की काय? आम्ही सोलापूरकडचे.

परभणीकर : आमच्याकडे रस्ता बांधणाराही गुत्तेदारच. ‘काम गुत्त्यानं दिलंय’ म्हणजे रोजंदारीवर नाही, उक्तं दिलंय. पुण्यात शिकत असताना घरमालकीणबाईंना सांगितलं, वडील गुत्तेदार आहेत. बाई आठवडाभर माझ्या पिशव्यांकडे बघत होत्या.

जुने कागद वाचणारा : परभणीकरांचा अर्थ मूळचा. कन्नडमध्ये गुत्तिगे, तेलुगूत गुत्त. दोन्हीचा अर्थ मक्ता, कंत्राट. गावात दारू विकायचा हक्क सरकार लिलावात काढी, बोली लावणारा ठरलेली रक्कम हप्त्यांनी भरी. तो हक्क म्हणजे ‘दारूचा गुत्ता’. पुढे लोकांनी ‘दारूचा’ गाळला आणि नाव दुकानाला चिकटलं. मक्ता शब्दाचं नशीब बघा : व्यवहार तोच, पण तो ‘मक्तेदारी’ होऊन अर्थशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला. गुत्ता मात्र गटाराकाठी राहिला.

भाचीची चूक अगदी साहजिक आहे. इंग्रजी दप्तरातला हा ‘फार्मर’ म्हणजे सरकारी उत्पन्न ठोक रकमेवर उचलणारा. त्याचा नांगराशी संबंध नाही. गंमत अशी की तुमचे खापरपणजोबा शेतकरीही होते, पण ते सर्व्हेच्या उताऱ्यावरून. दोन्ही कागद एकमेकांत मिसळू नका.

फसली सनात ५९० मिळवा : १८६७-६८. आपल्याकडे हे साल मृगापासून सुरू होतं. म्हणजे कागद १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याच्या आधीचा.

पेडणेकर : आमच्या गोव्यात माडावर चढून सूर (माडी) काढणारा तो रेंदेर. हा शब्द पोर्तुगीज ‘रेंदेइरो’वरून आला, आणि त्याचा अर्थ खंडानं घेणारा! तुमच्याकडे हक्काचं नाव दुकानाला लागलं, आमच्याकडे ते थेट माडावर चढलं. दुकानाला आम्ही तावेर्न म्हणतो, तोही पोर्तुगीजच.

प्रश्नकर्ता : मग ते स्वतः विकत होते की नाही?

जुने कागद वाचणारा : एवढ्या कागदावरून सांगता येणार नाही. गुत्ता घेणारा तो पुढे दुसऱ्याला पोटगुत्त्यानं देऊ शके. गाळणारा-विकणारा तो कलाल (संस्कृत कल्यपाल). तो शब्द किंवा जात कागदात कुठे येते का बघा. माझा अंदाज, चार हप्ते आणि दोन जामीन देणाऱ्या खातेदारानं स्वतः मापं भरली नसावीत. पण हा अंदाजच. काकांना पुरावा म्हणून सांगू नका. आणि सातबारा शोधत बसू नका; हक्कनोंदणीचा कायदाच १९०३चा.

परभणीकर : गुत्ता कशाचा तेही बघा. आमच्याकडे शिंदीचा वेगळा. शिंदीच्या झाडाची ती शिंदी, ताडाची ताडी, नारळाची माडी. ‘दारू’ लिहिलंय म्हणजे बहुधा गाळलेली.

प्रश्नकर्ता : काकांना सगळं वाचून दाखवलं. लिलावात बोली लावली होती हे ऐकून जरा ताठ बसले. मग जामीनदारांची नावं वाचली. दुसरा ज्या घरातला निघाला, त्या घराशी आमचा बांधावरून तीन पिढ्या दावा चालू आहे. आता काका म्हणतात, तो मोडी कागद दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा वाचून घे.