लेथवरचं तेल आणि बाटलीतलं तेल

ताई, 'बेबी ऑइलमधल्या मिनरल ऑइलनं कॅन्सर होतो' असं तुम्ही लिहिलंय. कॅन्सरचा शिक्का आहे, पण तो कच्च्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या तेलावर. आमच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्यांनी पूर्वीच्या तसल्या तेलाची काळजी करावी, तर समजू शकतो. सौंदर्यप्रसाधनांतलं तेल त्याच खनिज तेलापासूनच येतं, पण खूप शुद्ध केलेलं असतं. डब्यावर 'पॅराफिनम लिक्विडम', म्हणजे याच शुद्ध तेलाचं नाव, दिसलं की घाबरू नका.

हे तेल त्वचेला ओलावा देत नाही, आहे तो धरून ठेवतं. आईच्या टाचा थंडीत चिरतात. पाय धुऊन, ओलसर असतानाच व्हॅसलीन (तेही खनिज तेलापासूनच बनतं) चोळून मोजे घालते. कोरड्या टाचेवर लावलं तर नुसतं चिकट, बाकी काय फरक न्हाई! बाळाच्या नाकात मात्र थेंबभरही घालू नका, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.