बसच्या दारावरचं पत्रक नेमकं कुणाशी बोलतं?

खिडकीवाली
गेल्या महिन्यात रात्रीच्या बसने गावाहून पुण्याला येत होते. खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि सीट-खिडकीमधल्या फटीतून मागून बोटं आली. वाटलं, झोपेत हात घसरला असेल. फटीत पर्स खोचली. पाचेक मिनिटांनी बोटं पर्सच्या वरून आली. झोपलेला माणूस असा वळसा घालत नाही.

उठून कंडक्टरला सांगितलं. "ताई, तुम्ही पुढं येऊन बसा," म्हणाला. बसले. मागचे महाशय कात्रजपर्यंत आरामात आले आणि माझ्याआधी उतरले.

दाराशी पत्रक होतं. महिलांनी सतर्क राहावे, रात्री एकटीने प्रवास शक्यतो टाळावा, वगैरे. खाली एक नंबर, त्यावर कुणीतरी टाकलेली पानाची पिंक. माझं म्हणणं एवढंच की ही जनजागृती आधीच जाग्या असलेल्यांना जागं करतेय. गर्दीत दप्तर छातीशी धरायचं हे सातवीतल्या पोरीलाही न शिकवता येतं. पत्रकाने बोलावं ते शेजारच्या सीटवरच्याशी, कंडक्टरशी आणि त्या बोटांच्या मालकाशी. पटतंय का?

सरळमार्गी
नाही पटत. गुटख्याच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, खाणारा खातोच. तसंच हे.

दुसरं, "लोकांनी मध्ये पडावं" हे वाचायला बरं वाटतं. दादरच्या पुलावर माझी लॅपटॉपची बॅग एका बाईंना लागली. त्या वळून ओरडल्या, दोन मिनिटांत सहाजण माझ्याभोवती. एकाने कॉलर धरली. माझ्या मुलीच्या वयाचा होता. तुम्ही म्हणता ती जागृती माझ्यासाठी ही अशी असते. पोलिसांचं काम पोलिसांना करू द्या.

ठाणे_८_१४
तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. पण बॅग लागणं आणि हात लागणं यातला फरक रोज लोकलने जाणाऱ्या बाईला डोळे मिटूनही कळतो. बॅगवाला "सॉरी" म्हणतो. दुसरा समोर छताकडे बघत असतो.

लेडीज डब्याबद्दलही बोलू या. पुढे चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल, म्हणजे अख्खी गाडीच बायकांची, ५ मे १९९२ला सुटली. मोठीच सोय, मीही डबा सोडून देणार नाही. पण त्याचा एक उलटा परिणाम झालाय. जनरलमध्ये चढलं की "तुमचा डबा आहे ना तिकडे?" हे ऐकावं लागतं. म्हणजे तिथे काही झालंच, तर चूक चढणारीची.

माई
आमच्या काळी सगळ्यांच्या पदराला सेफ्टी पिन असायची, ती दोन कामांना उपयोगी पडे. १९७८ साली मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी पहिल्या दिवशी पिनच दिली. टोचली की तो उतरायचा आणि मागच्या बसमध्ये चढायचा. तिथे पिन नसलेली कुणीतरी असायचीच.

आणि तेव्हापासून ऐकतेय, "छेडछाड". काय गोड शब्द आहे! जणू भाऊबहिणींची थट्टामस्करी. पत्रकावर आधी शब्द बदला.

काळाकोट
माईंना अनुमोदन. कायद्यात "छेडछाड" असा गुन्हाच नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनयभंग म्हणजे कलम ७४, शिक्षा एक ते पाच वर्षं, अजामीनपात्र. नको असलेली शारीरिक लगट कलम ७५मध्येही येते, तीन वर्षांपर्यंत. नुसती लैंगिक शेरेबाजी केली तरी एक वर्षापर्यंत.

चालत्या बसच्या बाबतीत एक गोष्ट कामाची आहे. हद्द कुणाची हा प्रश्न आता उरत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. या कलमांखालची तक्रार स्त्री देत असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पत्रकावर हे लिहा की. रेल्वेत १३९, बाकी कुठेही ११२. हे चालतात.

सरळमार्गी
कायदा कडक आहे, छान. पण मध्ये पडणाऱ्याचं काय? २०११मध्ये अंधेरीला आंबोलीत मैत्रिणींना त्रास देणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुण मुलांना भोसकून मारलं. भर रस्त्यात, लोक बघत होते. खिडकीवाली, तुमच्या पत्रकाचं ऐकून माझा मुलगा उठला आणि समोरच्याकडे चाकू निघाला तर?

खिडकीवाली
याला माझ्याकडे झटकन उत्तर नाही. विचार करते.

तोक्योकर
इथे सकाळच्या गर्दीत बायकांचे वेगळे डबे असतात, आणि स्टेशनात पोस्टरं असतात: "चिकान हा गुन्हा आहे." चिकान म्हणजे गर्दीत चाळे करणं, आणि ते करणाराही. वाक्य थेट त्याच्याशी बोलतं.

सरळमार्गींची भीती इथल्या पुरुषांनाही आहे, म्हणून बरेचजण दोन्ही हात वर करून कड्या धरतात. मीही धरतो. अपमान वाटत नाही. खरं तर हात कुठे ठेवायचे हा विचार मला तिशीनंतर पहिल्यांदा करावा लागला. बायको म्हणाली, "मी दहाव्या वर्षापासून करतेय."

तोक्यो पोलिसांचं एक मोबाईल ॲप आहे. ओरडायला आवाज फुटत नसेल तर बटण दाबायचं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत मदत मागणारा मजकूर येतो. तो शेजाऱ्याला दाखवायचा. फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यात स्वारगेटला उभ्या बसमधल्या बलात्काराची तक्रार आली, त्यानंतर "ती ओरडली का नाही" म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. घशातून आवाज निघत नाही हे कुणाला तरी माहीत होतं, म्हणून ते बटण आलं.

डबलबेल
मी बावीस वर्षं कंडक्टर होतो, आता घरी असतो. खिडकीवाली ताई, त्या कंडक्टरची बाजू घेत नाही, पण सांगतो. गाडी ठाण्यात न्यायची म्हटलं की चाळीस माणसं ओरडतात. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना. पंचनाम्यात दोन तास जातात. मग डेपोत लेटची विचारणा होते ती आमच्याकडं. सगळ्यात वाईट म्हणजे बाई स्वतःच म्हणते, "जाऊ द्या, घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील." असं माझ्यासमोर तीनदा झालंय.

मग मी काय करायचो? आतले सगळे दिवे लावायचो. तिकीट तपासायचंय म्हणून मागून सुरुवात करायची, त्याच्याच सीटपाशी. तिकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघायचं, कुठं चढला, कुठं उतरणार, मोठ्यानं विचारायचं. सगळी गाडी जागी व्हायची. मग म्हणायचं, "उठा, इंजिनाशेजारी येऊन बसा." बाईला जागेवरनं उठवायचं नाही, त्याला उठवायचं. भांडण नाही, चाकू नाही. बहुतेकजण पुढच्या थांब्याला उतरायचे.

पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या ट्रेनिंगात वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं शिकवलं, हे नाही.

खिडकीवाली
डबलबेल काका, "बाईला उठवायचं नाही, त्याला उठवायचं" हे मी तीनदा वाचलं. मला पुढे बोलावलं तेव्हा मी आभार मानले होते त्याचे.

सरळमार्गी, तुमच्या चाकूला हे उत्तर चालेल का? तुमच्या मुलाने अंगावर जायचं नाही. नुसतं ओरडायचं, "कंडक्टर, दिवे लावा."

सरळमार्गी
एवढं तो करेल. मीही करेन. गर्दीने कॉलर धरण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, ते पत्रकात घालणार असाल तर बघा.

माई
घाला गं. "हात लावू नका" हे दोन्हीकडच्यांसाठी लिहा. बाकी आपल्याकडे "काय दिवे लावले" म्हणजे अब्रू घालवली. ती त्याचीच जाऊ दे.

डबलबेल
पत्रक दारावर नको, तिथं उतरताना कोण वाचतंय. प्रत्येक सीटच्या पाठीवर लावा. मागं बसलेल्याच्या डोळ्यासमोर.